आदेशात कारण लिहा: राज्यातील बाल कल्याण समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
बाल कल्याण समिती, महाराष्ट्रातील सर्व जिल्हे

सप्रेम नमस्कार.

मागणी आधी सांगते. मुलाला घरापासून लांब ठेवणारा तुमचा प्रत्येक आदेश कारणांसह लिहा, साध्या मराठीत लिहा, आणि त्याची प्रत त्याच दिवशी आईच्या, बापाच्या किंवा जो कोणी पालक समोर उभा असेल त्याच्या हातात द्या. आमच्या भागात मी पाहिलेले बहुतेक आदेश एका ओळीत संपतात: ‘सदर बालकास शिक्षण व संगोपनासाठी संस्थेत दाखल करण्यात येत आहे.’ मूल घरी का राहू शकत नाही, ते घरी राहावे म्हणून काय करून पाहिले, पुन्हा कधी विचार करणार, यातले काहीच त्यात नसते. त्या ओळीवर मूल सहाव्या-सातव्या वर्षी आत जाते आणि पुष्कळदा दहावी झाल्यावरच बाहेर पडते.

मी वीटभट्टीवर, ऊसतोडीला आणि घरकामाला जाणाऱ्या बायकांमध्ये काम करते. नवरा गेला, नवऱ्याने टाकले, दारूपायी घर मोडले, की त्यातल्या अनेकींना मुलांसाठी तुमच्या दारात यावे लागते आणि त्या मला सोबत बोलावतात. ‘ताई, कोर्टात जायचंय,’ असेच म्हणतात. त्यांचे काही चुकत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २७ प्रमाणे अध्यक्ष आणि चार सदस्यांची तुमची समिती पीठ म्हणून बसते आणि तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. एकदा मूल तुमच्या आदेशाने संस्थेत गेले, की जन्म देणारी आईसुद्धा तुमच्या सहीशिवाय त्याला घरी नेऊ शकत नाही.

जुन्या मुंबई राज्याच्या १९४८ च्या कायद्याखाली निराधार मूल आणि गुन्हा केलेले मूल एकाच बाल न्यायालयापुढे उभे राहत असे. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने निराधार मुलांसाठी वेगळी मंडळे केली, २००० च्या कायद्याने त्यांच्या जागी समित्या आणल्या. मुलाला पिंजरा दिसू नये, खाकी गणवेश दिसू नये, त्याच्याशी मोठ्यांनी मायेने बोलावे, हा त्यामागचा विचार मला मनापासून पटतो. पण न्यायालयाचा दरारा काढताना न्यायालयाची शिस्तही सुटली. साध्या चोरीतल्या आरोपीला कोठडीत पाठवतानाही दंडाधिकाऱ्याला कारणे नोंदवावी लागतात. आरोपीला वकील मिळतो, आदेशाची नक्कल मिळते, वरच्या न्यायालयात जाण्याची वाट मिळते. कसलाही गुन्हा न केलेल्या मुलाला दहा वर्षे घराबाहेर ठेवायचे असेल, तर त्याच्यासाठी याहून कमी काळजी घेऊन कसे चालेल?

कायदा तुमच्या बाजूने आहे, नव्हे, तो तुमच्याकडून हेच मागतो. २०१५ च्या कायद्याच्या कलम ३ मध्ये लिहिलेली तत्त्वे तुम्ही रोज हाताळता: मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, आणि मुलाला स्वतःविषयीच्या प्रत्येक निर्णयात बोलण्याचा हक्क. कलम ३६ म्हणते की सामाजिक तपासणी १५ दिवसांत व्हावी, म्हणजे मूल पहिल्यांदा समोर आल्यापासून चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश देता येईल. संस्थेत ठेवलेल्या मुलाच्या परिस्थितीचा फेरआढावा घ्यायलाही तेच कलम सांगते. शेवटचा उपाय करताना आधीचे उपाय का चालले नाहीत हे कुठेतरी लिहावे लागेल की नाही? ते लिहायची जागा आदेश हीच आहे.

आता तपासणीच्या अहवालाविषयी. तुमच्या टेबलावर येणारा गृहचौकशी अहवाल मी बायकांसोबत बसून अनेकदा वाचला आहे. ‘घर पत्र्याचे, भाड्याचे. आई मोलमजुरी करते. आर्थिक परिस्थिती हलाखीची. घरी लक्ष देणारे कोणी नाही. सबब बालकास संस्थेत ठेवणे हिताचे राहील.’ गाव बदलते, नाव बदलते, वाक्ये तीच राहतात. ही चौकशी करणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्याला दोष द्यायचा म्हणून हे लिहीत नाही. एकेका अधिकाऱ्याकडे किती तालुके असतात आणि गाडीच्या खर्चासाठी किती बिले मंजूर करून घ्यावी लागतात, हे मला दिसते. पण या अहवालात गरिबीचे वर्णन आहे, धोक्याचे नाही. आजी कुठे राहते, मामा काय म्हणाला, आई कामाला गेल्यावर शेजारीण मुलाला बघते का, गावात अंगणवाडी किती वाजेपर्यंत उघडी असते, मूल शाळेत रोज जात होते का, मारहाण झाली का, कुणी केली, हे प्रश्न विचारलेच गेलेले नसतात. ज्या अहवालात ते नाहीत तो परत पाठवा. असा अहवाल स्वीकारून त्यावर आदेश केला, की गरिबी हेच मूल काढून घेण्याचे कारण ठरते. कुणीही तसे उघड म्हणत नाही, पण फाइल तसेच सांगते.

आणि गरिबीवर राज्याने उपाय ठेवलेला आहे. बालसंगोपन योजनेत मूल आईजवळ किंवा नातेवाइकांजवळ राहते आणि दरमहा २२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्वाचे, म्हणजे मूल घरीच राहावे म्हणून दिल्या जाणाऱ्या मदतीचे, दरमहा ४००० रुपये आहेत. बालसंगोपनाचा आदेशही तुमच्याच समितीतून निघतो. म्हणजे एकाच टेबलावर दोन फायली पडलेल्या असतात, एक संस्थेत दाखल करण्याची आणि एक घरी ठेवून मदत देण्याची. पहिली त्याच दिवशी निघते, दुसरी पुढच्या बैठकीवर जाते, मग त्याच्या पुढच्या, मग मृत्यू दाखल्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही म्हणून तालुक्याला परत. आईने तोवर काय करायचे? जून महिन्यात शाळा उघडायच्या आत मुलाची सोय लावायची म्हणून ती पहिल्या फायलीवर अंगठा उठवते. आपण त्याला पालकाची संमती म्हणतो. मला वाटते, ज्या बाईला दुसरा पर्याय त्याच दिवशी, त्याच टेबलावर दिला गेला नाही, तिच्या अंगठ्याला संमती म्हणू नये.

एका घराची गोष्ट सांगते. गाव-तालुका सांगत नाही. मुलांची ओळख उघड करायला कलम ७४ मनाई करते आणि ते योग्यच आहे.

नवरा अपघातात गेला तेव्हा मुकादमाची उचल अंगावर होती. ती फेडायला ऊसतोडीला जाणे भाग होते. मुलगी तिसरीत, मुलगा बालवाडीत. फडावर न्यायचे तर शाळा बुडणार, म्हणून कुणीतरी सुचवले आणि दोघांना संस्थेत ठेवले. मुलगी एका तालुक्यात, मुलगा दुसऱ्या, कारण संस्था मुलींची वेगळी आणि मुलांची वेगळी. उचल फिटली. बाईला गावातल्या जिल्हा परिषद शाळेत पोषण आहार शिजवण्याचे काम मिळाले. बारा महिने गावात राहायची सोय झाली, तेव्हा ती मुले परत मागायला आली. तिच्याकडून भाडेकरार मागितला. ती भावाच्या खोलीत राहत होती, करार कुठून आणणार? मग भावाचे संमतीपत्र मागितले. मग उत्पन्नाचा दाखला. एकदा सगळे कागद पूर्ण होते, पण तीन सदस्य जमले नाहीत. अंतिम निकालाच्या वेळी किमान तीन सदस्य हवेत असा नियम आहे आणि तो चांगलाच आहे, पण बैठक रद्द झाल्याचा निरोप तिला एसटीतून उतरून जिना चढल्यावर मिळाला. ज्या दिवशी ती येई त्या दिवशीची मजुरी जाई आणि शाळेत आहार शिजवायला दुसरी बाई बघावी लागे.

शेवटी मुलीला समोर आणले. समितीने विचारले, ‘आईकडे जायचं आहे का?’ प्रश्न चांगल्या आवाजात विचारला होता. संस्थेच्या अधीक्षक मुलीच्या खुर्चीमागे उभ्या होत्या, आई दाराशी. मुलीने मान वळवून अधीक्षकांकडे पाहिले, मग खाली बघून म्हणाली, ‘इथंच राहते.’ फाइलवर नोंद झाली: बालिकेची घरी जाण्याची इच्छा नाही. आई बाहेर येऊन जिन्यावर बसली आणि काही बोललीच नाही.

पुढच्या बैठकीला नव्याने आलेल्या एका सदस्य बाई होत्या. त्यांनी मुलीला घेऊन बाहेरच्या बाकावर बसून गप्पा मारल्या, चांगला अर्धा तास. तेव्हा कळले, की घरी गेले की शाळा बंद होते अशी मुलीची पक्की समजूत होती. तिच्या ओळखीच्या दोन मुली घरी गेल्या आणि ऊसतोडीला लागल्या, हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. तिला आई हवी होती आणि शाळाही हवी होती. सदस्य बाईंनी गावच्या मुख्याध्यापकांना फोन लावला, प्रवेशाचे बोलून घेतले आणि फोन मुलीच्या हातात दिला. दोन्ही मुले घरी आली. मुलगी आता आठवीत आहे.

त्या सदस्य बाईंनी कायद्यापलीकडे काही केले नाही. मुलाचे ऐकणे म्हणजे काय हे त्यांना माहीत होते, एवढेच. भारताने १९९२ मध्ये मंजूर केलेल्या बालहक्क संहितेच्या कलम १२ मध्ये हाच हक्क आहे. त्याच्याही शंभर वर्षे आधी, १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने न्यायाधीशाला सांगून ठेवले, की मूल समजदार असेल तर त्याची पसंती विचारात घेता येईल. म्हणून माझी दुसरी विनंती पहिलीतच येते: मुलाशी एकटे बोला, संस्थेचे कोणीही खोलीत नसताना बोला, आणि ते काय म्हणाले हे त्याच्या शब्दांत आदेशात लिहा. ‘इच्छा नाही’ असे तुमच्या शब्दांत नको. मूल जे मागते ते प्रत्येक वेळी देता येणार नाही. मग का देता येत नाही तेही लिहा. मोठे झाल्यावर ते मूल आपली फाइल वाचेल, तेव्हा आपल्याला कुणी विचारले होते हे तरी त्याला कळेल.

भावंडांचे तर मला फार लागते. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार दहा वर्षांखालची मुले आणि मुली एकाच संस्थेत राहू शकतात, झोपण्या-आंघोळीची सोय वेगळी असली म्हणजे झाले. तरीही बहीण-भाऊ दोन तालुक्यांत जातात आणि दिवाळीच्या सुट्टीत सोडले तरच भेटतात. बाप गमावलेल्या पोराकडून आपण बहीणही काढून घेतो. भावंडांना वेगळे करणाऱ्या आदेशात तर कारण हवेच हवे, आणि भेटी कधी, कुठे, कुणाच्या खर्चाने, हेही हवे.

काही मुलांना घरी पाठवायचेच नसते, हे मी विसरलेली नाही. ज्या घरात सावत्र बापाने किंवा काकाने हात घातला, ज्या घरात मुलीचे चौदाव्या वर्षी लग्न ठरवले, तिथे तुम्ही खंबीरपणे मध्ये पडता, धमक्याही ऐकता. या कामाबद्दल मला तुमच्याविषयी आदर आहे. पण तिथेही कारण लिहिण्याची सवय मुलीच्या उपयोगाची आहे. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालच्या, प्रकरणात पोलिसांनी २४ तासांत तुम्हाला कळवायचे असते, आणि मुलगी घरातच धोक्यात असेल, तर तिला घराबाहेर काढायचे का हे २०२० च्या नियमांप्रमाणे तुम्हाला तीन दिवसांत ठरवायचे असते. तिचे म्हणणे, आईची सांभाळण्याची ताकद, आजोळ, नातेवाईक या सगळ्यांचा विचार करून ठरवायचे असते. प्रत्यक्षात काय दिसते? आरोपी जामिनावर सुटून घरी येतो आणि मुलगी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला संस्थेत. तिची शाळा सुटते, मैत्रिणी सुटतात, आईला भेटायला परवानगी लागते. मग ती साक्ष फिरवते आणि लोक म्हणतात, पोरगीच खोटी. ती फक्त घरी जायला बघत असते. आदेशात ‘आरोपीला घरापासून दूर ठेवण्यासाठी विशेष न्यायालयाला कळवले का, आजोळची चौकशी केली का’ एवढे दोन प्रश्न उत्तरासह लिहावे लागले, तर पुष्कळ मुली आजोळी राहूनही सुरक्षित राहतील आणि साक्षीलाही उभ्या राहतील.

तुमच्या अडचणी आम्हाला दिसतात. कित्येकदा एका जिल्ह्याच्या समितीवर शेजारच्या जिल्ह्याचा अतिरिक्त कार्यभार असतो. नेमणुका संपतात आणि नव्या यायला महिने लागतात. बैठकीच्या भत्त्यावर काम, टंकलेखनाला माणूस नाही, आणि कायदा सांगतो महिन्याला किमान २० दिवस बसा, शिवाय संस्थांच्या किमान दोन तपासणी भेटी करा. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी २०१८ रोजी संपूर्णा बेहुरा यांच्या याचिकेवर निकाल देताना समित्यांमधल्या रिकाम्या जागा भरायला राज्यांना सांगितले. या जागांसाठी सरकारशी भांडायला आमच्यासारखे लोक तुमच्या सोबत आहेत, हाक मारा. पण सविस्तर आदेश लिहायला वेळ नाही, हे उत्तर मी स्वीकारू शकत नाही. आईची एक बुडलेली मजुरी आणि मुलाचे एक वर्ष यांच्यापुढे तुमचा एक परिच्छेद जास्त नाही.

आदेशाची प्रत का मागते तेही सांगते. तुमच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला आणि मुलाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हे दोन्ही हक्क आमच्या बायकांच्या कानावरही पडत नाहीत. ज्यांच्या कानावर पडले त्या प्रत मागायला गेल्या की ‘संस्थेला पाठवली आहे’, ‘साहेब आले की बघू’ असे ऐकून येतात. त्यात ३० दिवस निघून जातात. आदेशाच्या तळाशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता आणि अपिलाची मुदत छापली, तर त्याला वेगळा खर्च येत नाही.

कसा आदेश हवा, याचा नमुना देते. हे नाव-गावाशिवायचे आहे आणि यात एकही अवघड शब्द नाही.

‘मुलाचे वय ७. आई मजुरी करते, वडील नाहीत. मुलाला मारहाण किंवा उपासमार झाल्याचे दिसले नाही. आजी त्याच गावात राहते, तिच्याशी आज फोनवर बोललो. ती दुपारी सांभाळायला तयार आहे, पण तिच्या डोळ्यांचे ऑपरेशन व्हायचे आहे. मुलाशी दोन सदस्य एकटे बोलले. तो म्हणाला, “आजीकडं राहीन, पण रात्री आई पाहिजे.” बालसंगोपनाचा अर्ज आजच घेतला. आजीचे ऑपरेशन होईपर्यंत, जास्तीत जास्त तीन महिने, मूल जवळच्या संस्थेत राहील. आई दर रविवारी भेटेल. तीन महिन्यांनंतरची तारीख आईला आज दिली आहे. बैठक होणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करू. हा आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत अपील करता येते.’

असा आदेश हातात घेऊन बाई जिना उतरली, तर तिला माहीत असेल की काय झाले म्हणजे मूल परत मिळेल. आज ते तिला माहीत नसते, संस्थेला माहीत नसते, आणि मला भीती वाटते की फेरआढाव्याला बसलेल्या पुढच्या समितीलाही नसते, कारण आधीच्या समितीने काय विचार केला होता हे फाइलमध्ये कुठेच नाही. तीन वर्षांनी समिती बदलते. मूल तेच राहते.

२०१५ च्या कायद्याच्या कलम २७ प्रमाणेच समित्यांच्या कामाचा दर तीन महिन्यांनी आढावा घेण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आहे. म्हणून या पत्राची प्रत सर्व जिल्हाधिकाऱ्यांना आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या बाल न्याय समितीला पाठवत आहे. आढाव्यात किती प्रकरणे निकाली निघाली हे विचारले जातेच. त्यासोबत हेही विचारावे: किती मुले घरी गेली, किती भावंडे एकत्र आहेत, किती बालसंगोपनाचे अर्ज तीन महिन्यांहून जास्त पडून आहेत, आणि किती आदेशांवर पालकाची प्रत मिळाल्याची सही आहे.

वरचा नमुना कच्चा आहे. तुमच्या अनुभवाने तो सुधारेल. कोणत्याही जिल्ह्याच्या समितीने बोलावले, तर आमच्या संघटनेच्या दोन-तीन आया आणि मी, तुमच्या सोयीच्या दिवशी येऊन या मसुद्यावर तुमच्याबरोबर बसू. बैठकीची वेळ मात्र दुपारी दोननंतरची ठेवा. त्याआधी त्यांना शाळेतला आहार शिजवायचा असतो.

आपली,
असंघटित कष्टकरी महिलांमध्ये काम करणारी एक कार्यकर्ती